‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात काय लिहायचं?

एकतीस वर्षं मी पुण्यातल्या पेठेतल्या एका शाळेत कारकून होते. निवृत्त झाल्यावर देहविक्रीच्या धंद्यातून सुटका झालेल्या मुलींच्या एका वसतिगृहात जायला लागले. म्हटलं, गणित शिकवू. अधीक्षिका म्हणाल्या, “काकू, गणिताला माणसं आहेत हो. आधी हिचा शाळा सोडल्याचा दाखला आणून द्याल का?”

तुम्हालाही मदत करायची असेल तर अशाच कामापासून सुरुवात करा. संस्थेत जाऊन पोलीस पडताळणी वगैरे सोपस्कार पूर्ण करा, आणि कोणतं काम अडलंय ते विचारा.

माझी पहिली चूक आधी सांगते. एका मुलीच्या गावच्या शाळेत फोन लावला आणि कुठून बोलतेय तेही सांगून बसले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. ती पुढे आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि बरोबरच होतं तिचं. आता दुय्यम दाखल्याचा अर्ज तिच्याच नावाने, तिच्याच सहीने जातो. कारण म्हणून ‘पुढील शिक्षणासाठी’, बस. पत्ता कुठला द्यायचा, घरी कळलं तर चालेल का, हे ती सांगेल. पुष्कळदा विकणारा घरातलाच किंवा ओळखीचा असतो.

पाचवी झालेली असेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं. मूळ दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र लागतं. पावसाळा लागला की बोर्डाच्या सूचनांवर नजर ठेवा, तारीख गेली की विलंब शुल्क भरत बसावं लागतं. दाखल्याचा पत्ताच नसेल तर एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेचा रस्ता आहे. तिथे चौदा वर्षं पूर्ण झालेली मुलगी स्वयंघोषणेवर दहावीला नाव घालू शकते. लहानग्यांना तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने वयाचा पुरावा नाही म्हणून शाळेला दारातून परत पाठवताच येत नाही. हे हेडमास्तरांना गोड आवाजात सांगायचं. आम्हा शाळावाल्यांना गोड आवाजच जास्त घाबरवतो.

एकदा सरावाला फॉर्म भरत होतो. ‘शाळा सोडण्याचे कारण’ आलं आणि तिचं पेन थांबलं. मी म्हटलं, “आमच्या रजिस्टरात निम्म्या पोरींपुढे कौटुंबिक अडचण लिहिलंय. कुणी विचारत नाही गं.” तिने सावकाश लिहिलं, ‘कौटूंबीक’. आयुष्यभर ऱ्हस्व-दीर्घावरून पोरांना पिडलेली मी, त्या दिवशी गप्प बसले. काय झालं होतं, हे मी आजवर एकीलाही विचारलेलं नाही. ते काम समुपदेशकांचं आणि वकिलांचं.

शिकवायला बसताना तिला दार दिसेल अशी जागा द्या. पाठीवर हात टाकू नका, अगदी मायेनेसुद्धा. काल पाठ झालेलं आज कोरं असतं. रात्रभर झोप नसेल तर दुसरं काय होणार? वीस मिनिटं शिकवा, मग चहा.

परीक्षेच्या तोंडावर कोर्टाची तारीख हमखास येते. हॉल तिकिटाची झेरॉक्स वकिलांकडे लगेच द्या, ते तारीख बदलून मागतील. वकील नसेल तर मोफत कायदेशीर मदतीचा नंबर 15100.

आता सोसायटीवाल्यांसाठी. काम द्या, खोली भाड्याने द्या, पण ओळख करून देताना ‘ती संस्थेतली’ म्हणू नका. फोटो स्टेटसला तर मुळीच नको. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोंडलेली पोर दिसली तर मुलांच्या मदतीचा 1098 किंवा आपत्कालीन 112 लावा. स्वतः दार ठोठावायला जाऊ नका, तिला रातोरात हलवतील.

पुस्तकं मी अप्पा बळवंत चौकातून जुनी घेते. तिथून चार पावलांवर भिडे वाड्याची जागा, जिथे 1848 मध्ये मुलींची शाळा सुरू झाली. जुनं पुस्तक घेताना पहिलं पान बघा, आधीच्या मालकिणीचं नाव असतं. त्यावर कोरा कागद चिकटवून द्या. नाव तिचं ती घालेल, खरं किंवा नवं घेतलेलं.