लिनक्सचा डिस्ट्रो बदलताय? या चुका टाळा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्या सुमारास अनेकांनी जुन्या लॅपटॉपवर उबुंटू नाहीतर लिनक्स मिंट टाकलं. हे लिनक्सचे डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सच्या वापरायला तयार, वेगवेगळ्या आवृत्त्या. विंडोज सोडताना माणूस धास्तावलेला असतो, म्हणून दहा जणांना विचारतो, बॅकअप घेतो. पुढे काही महिन्यांनी ‘आता फेडोरा बघू’ किंवा ‘डेबियन जास्त स्थिर असतं म्हणे’ असं दुसऱ्या डिस्ट्रोबद्दल मनात येतं तेव्हा ती धास्ती उरलेली नसते. इन्स्टॉल करायचं माहीत असतं, पेनड्राइव्ह हाताशी असतो. फोटो, मेल आणि ब्राउझरमधले पासवर्ड गमावल्याच्या ज्या तक्रारी माझ्यापर्यंत येतात, त्या बहुतेक या दुसऱ्या उडीतल्या असतात.

तक्रार नेमकी कशाची, ते न बघता उडी मारणं

‘उबुंटू आवडत नाही’ म्हणणाऱ्याला खोदून विचारलं, तर बऱ्याचदा ग्नोम, म्हणजे त्याचा डेस्कटॉप, आवडत नसतो. खालची पट्टी, स्टार्टसारखा मेनू, खिडक्यांची बटणं हे सगळं डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंटचं काम. केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, एक्सएफसीई यांपैकी दुसरं काही वापरायचं असेल तर त्यासाठी डिस्ट्रो सोडायची गरज नसते. उबुंटूचीच प्लाझ्मावाली आवृत्ती कुबुंटू आणि एक्सएफसीईवाली झुबुंटू या नावानं मिळते. मशीन रखडत असेल तर आधी आत फिरणारी हार्ड डिस्क आहे का ते बघा. ती काढून एसएसडी बसवल्यानं जो फरक पडतो तो कुठल्याही डिस्ट्रोनं पडत नाही.

बदलायला पटण्यासारखी कारणंही असतात. लॅपटॉप अगदी नवा असेल तर जुन्या कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) त्याचं वाय-फाय कार्ड ओळखता येत नाही. डेबियन १२ मध्ये ६.१ कर्नल होता, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ६.१२ आहे. उलट दर वर्षी अपग्रेडची कटकट नको असेल तर फेडोरा तुमच्यासाठी नाही. त्याची प्रत्येक आवृत्ती साधारण १३ महिनेच सांभाळली जाते, तर उबुंटूच्या एलटीएस (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या) आवृत्तीला ५ वर्षं अपडेट मिळतात. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मशीनवर मी तरी एलटीएसच ठेवीन.

टाइमशिफ्टला बॅकअप समजणं

मिंटमध्ये टाइमशिफ्ट आधीपासून असतं, त्यामुळे ‘बॅकअप आहे की’ या भरवशावर लोक डिस्क पुसतात. टाइमशिफ्ट सिस्टिमच्या फाइली जपतं. तुमचं होम फोल्डर, म्हणजे डॉक्युमेंट्स, फोटो, डाउनलोड्स, ते मुद्दाम वगळतं. सेटिंग बदलल्याशिवाय त्यातलं काहीच घेत नाही. शिवाय ते स्नॅपशॉट, म्हणजे त्यानं घेतलेल्या प्रती, त्याच डिस्कवर असतील तर फॉरमॅटबरोबर तेही गेले. म्हणून होम फोल्डर वेगळ्या डिस्कवर कॉपी करा आणि त्यातल्या दोन-चार फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

ती डिस्क एक्सफॅट या पद्धतीनं फॉरमॅट केलेली असेल तर आणखी एक अडचण येते. त्यावर लिनक्सच्या परवानग्या आणि सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारे दुवे) टिकत नाहीत, नावात कोलन असलेल्या फाइली कॉपीच होत नाहीत. एसएसएच की (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायची किल्ली) वापरणाऱ्यांना ती परत आणल्यावर ‘परवानग्या फारच मोकळ्या आहेत’ अशी ताकीद मिळते आणि की चालत नाही. सगळं एका टार फाइलमध्ये (अनेक फाइलींच्या एकाच गठ्ठ्यात) बांधून मग कॉपी केलं की हा प्रश्न मिटतो. फक्त फॅट३२ पेनड्राइव्हवर ४ जीबीच्या वरची फाइल मावत नाही, हे लक्षात ठेवा.

फायरफॉक्सचं चुकीचं फोल्डर उचलणं

याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे नुकसान होतं ते डिस्क पुसून झाल्यावर कळतं. फायरफॉक्सचे बुकमार्क आणि पासवर्ड होममधल्या ‘डॉट मोझिला’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये असतात, असं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. पण उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप या प्रकारच्या पॅकेजमधून येतो आणि त्याचं प्रोफाइल (तुमची सगळी माहिती असलेलं फोल्डर) होममधल्या ‘स्नॅप’ फोल्डरच्या पोटात असतं. फ्लॅटपॅक या दुसऱ्या प्रकारच्या पॅकेजमधला फायरफॉक्स तेच ‘डॉट व्हार’मध्ये ठेवतो. लोक जुन्या सवयीनं ‘डॉट मोझिला’ उचलतात. त्यात कधीकाळचं, अर्धवट प्रोफाइल असतं. त्यामुळे अंदाज नको. फायरफॉक्समध्ये हेल्प मेनूत ‘मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडा. ‘प्रोफाइल डिरेक्टरी’समोर जो पत्ता दिसेल तोच खरा.

पुढची पायरीही सरळ नाही. डेबियनमध्ये फायरफॉक्सची ईएसआर नावाची, सावकाश बदलणारी आवृत्ती असते, ती नेहमीच्या आवृत्तीपेक्षा मागे असते. नव्या आवृत्तीचं प्रोफाइल जुनीनं उघडायला गेलात तर फायरफॉक्स नकार देतो आणि नवं प्रोफाइल बनवा म्हणतो. हे संरक्षण २०१९ मध्ये ६७ व्या आवृत्तीपासून आलं. बिघाड समजून पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका. सर्वांत सोपं म्हणजे निघण्याआधी फायरफॉक्स सिंक सुरू करणं. नाहीतर पासवर्ड सीएसव्ही फाइलमध्ये काढून घ्या, पण त्या फाइलमध्ये ते उघडेवाघडे असतात. काम झालं की ती पुसलीच पाहिजे. क्रोमचं नुसतं फोल्डर कॉपी करून तर पासवर्ड बहुधा येतच नाहीत, कारण त्यांच्या कुलपाची किल्ली सिस्टिमच्या कीरिंगमध्ये (किल्ल्या जपणाऱ्या जागेत) असते आणि ती मागे राहिलेली असते.

जुनं होम जसंच्या तसं नव्या सिस्टिमला देणं

‘होमचं वेगळं पार्टिशन ठेवा, म्हणजे डिस्ट्रो बदलला तरी काही जात नाही’ हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो अर्धाच पटतो. फाइली वाचतात हे खरं, पण त्यांच्यासोबत जुन्या डेस्कटॉपच्या शेकडो लपलेल्या सेटिंग फाइलीही येतात. मग ग्नोमची थीम प्लाझ्मात अर्धवट उतरते, फॉन्ट वेडेवाकडे दिसतात, एखादं अ‍ॅप उघडता उघडताच बंद पडतं आणि दोष नव्या डिस्ट्रोला मिळतो. खात्री करायला नवं युजर खातं काढून लॉगिन करा. तिथे सगळं ठीक चालत असेल तर गुन्हेगार जुन्या सेटिंगच. पार्टिशन ठेवा, पण नव्या सिस्टिममध्ये युजरचं नाव वेगळं द्या आणि जुन्या फोल्डरमधून फक्त आपल्या फाइली हलवा. सेटिंग्ज पुन्हा कराव्या लागतात, त्यात एक संध्याकाळ जाते. ती जाऊ द्यावी.

लाइव्ह सेशनमध्ये नुसतं ‘छान दिसतंय’ बघणं

आयएसओ, म्हणजे डिस्ट्रोची इन्स्टॉलची फाइल, उतरवल्यावर ती मूळचीच आहे हे सांगणारा चेकसम आणि सही तपासा. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळावर हल्ला झाला होता आणि काही काळ लोकांना मागचं दार ठेवलेली आयएसओ मिळत होती, तेव्हा ही काळजी उगाच नाही.

पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर (हेच लाइव्ह सेशन, इथे डिस्कवर काही टाकलेलं नसतं) वाय-फाय, आवाज, माइक, कॅमेरा बघा, झाकण बंद करून उघडल्यावर मशीन जागं होतं का बघा. मग प्रिंटर. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांपासून वकिलांच्या टेबलापर्यंत दिसणारा कॅनन एलबीपी २९०० कॅप्ट नावाची कॅननची स्वतःची पद्धत वापरतो. लिनक्सच्या छपाई यंत्रणेला ती आपणहून कळत नाही, वेगळा ड्रायव्हर लागतो. आज तो खटपटीनं चालू झाला असेल तर ती खटपट नव्या डिस्ट्रोवर पुन्हा आली. एचपीच्या लेझरजेट १०२० ला एचपीलिपचं (एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं) प्लगइन लागतं आणि ते एचपीलिपच्याच आवृत्तीचं असावं लागतं. एचपीलिप अपडेट झाल्यावर प्रिंटर अचानक गप्प झाला तर प्लगइन पुन्हा टाका.

मराठी टायपिंगही इथेच तपासायचं. एखादा एडिटर उघडून ‘दुसऱ्या’ टाइप करून बघा. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्डमध्ये शिफ्ट आणि जे दाबून ऱ, मग डीनं हलंत, मग य. रफार नीट आडवा दिसला की कीबोर्ड आणि फॉन्ट दोन्ही जाग्यावर आहेत. इनस्क्रिप्ट साध्या कीबोर्ड लेआउटच्या यादीत भारताखाली मिळतो. रोमन अक्षरांवरून टाइप करणाऱ्यांना आयबस किंवा एफसीआयटीएक्स हे टायपिंगचं सॉफ्टवेअर लागतं. प्लाझ्माच्या वेलँड (पडद्यावर चित्र दाखवायची नवी पद्धत) सेशनमध्ये ते नुसतं इन्स्टॉल करून पुरत नाही, सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘व्हर्च्युअल कीबोर्ड’खाली निवडावं लागतं. लिबरऑफिसमध्ये फॉन्ट बदलूनही मराठी मजकूर बदलत नसेल तर देवनागरीचा फॉन्ट तिथे ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’खाली वेगळा ठरतो.

इन्स्टॉलरमध्ये घाई

बाहेरच्या सगळ्या डिस्क आधी काढून ठेवा. दोन सिस्टिम शेजारी ठेवायच्या असतील तर ईएफआय पार्टिशन (जिथून मशीन सुरू होतं ते) वापरायला द्या, फॉरमॅट करू नका. उबुंटू आणि मिंट एकत्र ठेवणाऱ्यांसाठी खास सूचना: दोघांच्या बूट फाइली ‘उबुंटू’ याच नावाच्या फोल्डरमध्ये जातात, म्हणजे नंतर आलेला आधीच्याचा बूट बळकावतो. पहिली सिस्टिम गेलेली नसते, फक्त मेनूत दिसत नाही. सुरुवातीचा हा मेनू दाखवणाऱ्या ग्रबच्या २०२१ मधल्या २.०६ आवृत्तीपासून इतर सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर आपोआप चालत नाही. काही डिस्ट्रो तो परत चालू करून देतात, काही नाही. ग्रबच्या सेटिंगमध्ये तो सुरू करून मेनू नव्यानं बनवला की हरवलेलं नाव परत येतं. सोबत विंडोज असेल तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की आधी लिहून घ्या आणि फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोजचं पार्टिशन लिनक्समध्ये फक्त वाचता येतं.

उबुंटूसाठीच्या कमांड डेबियनवर, त्यातही पीपीए (उबुंटूसाठीचे पॅकेजचे बाहेरचे साठे) डेबियनला जोडणं, हे टाळाच. एपीटी हे पॅकेज टाकायचं साधन दोघांत असलं तरी पॅकेज वेगळ्या आवृत्त्यांसाठी बांधलेली असतात, आणि गुंता होतो तो पुढच्या अपग्रेडला. फेडोरावर काही व्हिडिओ चालले नाहीत तर कोडेक (व्हिडिओ उलगडणारे भाग) आरपीएम फ्युजन या वेगळ्या पॅकेज-साठ्यातून घ्यायचे.

इन्स्टॉलनंतर वाय-फायच नसेल तर अँड्रॉइड फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा; मशीनला ते वायरच्या नेटसारखंच दिसतं आणि त्यावरून ड्रायव्हर उतरवता येतो. विंडोज आणि लिनक्स आलटून पालटून वापरताना घड्याळ साडेपाच तास पुढे-मागे होत असेल तर बॅटरी बदलायला धावू नका. विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची पद्धत सांगितली की वेळ जुळते.