ऑफिसचा स्वतःचा डीएनएस सर्व्हर: लावायचा कसा, तपासायचा कसा

धरमपेठेतलं पंधरा-वीस कॉम्प्युटरचं ऑफिस असो की सीताबर्डीवरचा कोचिंग क्लास, प्रिंटर आणि फाइल सर्व्हरचे आयपी पत्ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेले असतात. ही यंत्रं नावानं सापडावीत यासाठी डीएनएस सर्व्हर, म्हणजे नाव विचारलं की आयपी पत्ता सांगणारा सर्व्हर, लावायचा. एक जुना पीसी, त्यावर उबुंटू आणि बाइंड ९ हे डीएनएसचं सॉफ्टवेअर एवढं पुरतं.

आधी त्या पीसीला स्थिर आयपी द्या, समजा १९२.१६८.१.१०. मग 'सुडो आप्ट इन्स्टॉल बाइंड९'. बसवणं इथेच संपलं.

आता बाइंडच्या ऑप्शन्सच्या फाइलमध्ये 'अलाउ-रिकर्शन' (बाहेरची नावं कोणासाठी शोधून द्यायची ते) फक्त आपल्या नेटवर्कपुरतं ठेवा. सगळ्या जगाला उत्तरं देणारा सर्व्हर दुसऱ्यांवरच्या हल्ल्यांत वापरला जातो. फायरवॉलमध्ये पोर्ट ५३ यूडीपी आणि टीसीपी दोन्हीसाठी उघडा, तेही आतल्या नेटवर्कसाठीच. टीसीपी बरेच जण विसरतात आणि मोठी उत्तरं अडकतात.

झोनला, म्हणजे आपला सर्व्हर सांभाळेल त्या नावांच्या गटाला, मनाला येईल ते नाव देऊ नका. घरगुती नेटवर्कसाठी 'होम.आर्पा' राखीव आहे, छोट्या ऑफिसालाही चालतं. ही नावं आणि पत्ते लिहायच्या झोन फाइलमध्ये खरी गोम शेवटच्या टिंबात आहे. 'एनएस१.होम.आर्पा' पुढे टिंब द्यायचं राहून गेलं की बाइंड त्याला पुन्हा झोनचं नाव जोडतो आणि 'एनएस१.होम.आर्पा.होम.आर्पा' होतं. म्हणून रीलोड करण्याआधी 'नेम्ड-चेककॉन्फ' आणि 'नेम्ड-चेकझोन' चालवायचेच. पहिला काहीच बोलला नाही तर सगळं ठीक, दुसरा शेवटी 'ओके' म्हणतो. फाइल बदलली की तिच्यातला सीरियल नंबरही वाढवा, नाहीतर दुय्यम सर्व्हर (झोनची प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर असेल तर) बदल उचलत नाही.

तपासताना नुसतं 'डिग' (डीएनएसला नाव विचारायची कमांड) नको. उबुंटूत ती विचारणा १२७.०.०.५३ वरच्या मधल्या सेवेकडे जाते, आपल्या सर्व्हरची परीक्षा होतच नाही. 'डिग @१९२.१६८.१.१० प्रिंटर.होम.आर्पा' असं थेट विचारा. उत्तरात 'नोएरर' आणि फ्लॅग्जमध्ये 'एए' (उत्तर झोन सांभाळणाऱ्या सर्व्हरचंच असल्याची खूण) दिसलं म्हणजे झोन बरोबर. मग बाहेरचं एखादं नाव दोनदा विचारा. दुसऱ्यांदा 'क्वेरी टाइम' जवळपास शून्यावर आला की कॅश, म्हणजे आधीचं उत्तर साठवून ठेवणं, चालू आहे. 'सर्व्हफेल' (सर्व्हरला उत्तर देता आलं नाही) असं आलं तर 'जर्नलसीटीएल -यू नेम्ड' नं बाइंडच्या नोंदी वाचा, बिघाडाचं कारण बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं.

शेवटी राउटरच्या डीएचसीपीमध्ये (मशीनना आपोआप आयपी आणि डीएनएसचा पत्ता देणारी सेवा) डीएनएस म्हणून हाच पत्ता द्या. जोडीला बाहेरचा सार्वजनिक डीएनएस टाकू नका. काही मशीन त्यालाच विचारतील आणि प्रिंटर अधूनमधून गायब होईल. दुसरा हवाच असेल तर आणखी एका पीसीवर दुय्यम बाइंड लावा. आणि दोन्ही यूपीएसवर ठेवा, मे महिन्यात लाइट गेली की पहिली बोंब 'नेट बंद' अशीच येते.