जुनं रेड कार्ड सांभाळताना या चुका टाळा

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांमध्ये जुने सर्व्हर अजून इमानेइतबारे चालतात. बुडवतात ती त्यांना सांभाळणारी माणसं. या सर्व्हरमध्ये रेड (RAID) कार्ड असतं, ते अनेक डिस्क एकत्र करून लिनक्सला एकच डिस्क, म्हणजे व्हॉल्यूम, दाखवतं. त्याच्या स्थितीपुढे ‘ऑप्टिमल’ (सगळं ठीक) दिसलं की टर्मिनल बंद! अहो, ऑप्टिमल आहे ते फक्त व्हॉल्यूम. कार्डाची बॅटरी मेली, डिस्कवर मीडिया एरर (न वाचता येणाऱ्या जागा) वाढत गेले, तरी तिथे ऑप्टिमलच दिसतं.

आधी बॅटरी. लिहायचा डेटा कार्ड स्वतःच्या मेमरीत घेतं आणि ‘झालं’ म्हणून सांगतं, म्हणून सर्व्हर चपळ वाटतो. वीज गेली की तो डेटा बॅटरीवर टिकतो. बॅटरी खराब झाली की बहुतेक कार्डं ही पद्धत, म्हणजे राइट-बॅक, सोडून राइट-थ्रूवर येतात, म्हणजे डेटा डिस्कवर लिहिल्यावरच ‘झालं’ म्हणतात, आणि लिहिणं मंदावतं. एका कारखान्यात ईआरपी (कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) असंच रेंगाळायला लागलं. सगळे डेटाबेसचे इंडेक्स तपासत बसले. मग एका उतावळ्या मुलाने सेटिंग शोधली: बॅटरी खराब असली तरी कॅश, म्हणजे कार्डाच्या मेमरीत आधी लिहिणं, चालू ठेवा. वेग परत आला, सगळे खूश. पुण्यात गुरुवार म्हणजे देखभालीसाठी वीज जाण्याचा वार. तशाच एका गुरुवारी यूपीएस संपला आणि कॅशमधलं सगळं पुसलं गेलं. एफएससीके (fsck) या दुरुस्तीच्या कमांडने फाइल सिस्टिम उभी केली, पण डेटाबेसच्या फाइली अर्धवट लिहिलेल्या राहिल्या होत्या. शेवटी आदल्या रात्रीचा बॅकअप चढवला आणि पुढची चलनं कागदांवरून पुन्हा भरावी लागली. ती सेटिंग कार्डात असते याचा अर्थ ती वापरायची असा होत नाही. मी बॅटरीची पूर्ण चार्ज क्षमता लिहून ठेवतो, ती घसरायला लागली की नवी मागवतो. लर्न सायकल (कार्ड बॅटरी उतरवून-चढवून तिची क्षमता मोजतं ती) चालू असताना काही तास वेग पडतो, तेव्हा मात्र घाबरू नका.

दुसरी चूक: एसडीएवर (लिनक्समध्ये पहिल्या डिस्कचं नाव) स्मार्टसीटीएल, म्हणजे डिस्कची तब्येत सांगणारी कमांड, चालवून निश्चिंत होणं. लिनक्सला तिथे कार्डाने दाखवलेली आभासी डिस्क दिसते. मेगारेड जातीच्या कार्डांमागच्या खऱ्या डिस्कपर्यंत पोहोचायला कमांडमध्ये डॅश डीनंतर मेगारेड आणि त्या डिस्कचा डिव्हाइस आयडी द्यावा लागतो. हा आयडी म्हणजे स्लॉट नंबर नव्हे, स्टोअरसीएलआय या कार्ड सांभाळायच्या कमांडच्या यादीतून बघून घ्या. लिनक्सऐवजी फ्रीबीएसडी असेल आणि कार्ड एमएफआय ड्रायव्हरवर चालत असेल तर कार्ड तपासायचं एमएफआययुटिल मूळ सिस्टिममध्येच येतं, ओपनबीएसडीवर बायोसीटीएल.

पॅट्रोल रीड, म्हणजे कार्ड फावल्या वेळात सगळ्या डिस्क वाचून तपासतं ते, बंद करू नका. क्वचित वाचला जाणारा खराब सेक्टर नाहीतर रेड ५ च्या (एक डिस्क गेली तरी डेटा टिकवणारी मांडणी) रीबिल्डमध्येच, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा उभारतानाच, सापडतो, आणि तेव्हा त्याची भरपाई करायला दुसरी डिस्क उरलेली नसते.

बझर वाजला की आधी कारण, मग गप्प करणं.

डिस्क काढण्याआधी तिचा दिवा लुकलुकवा. अंदाजाने ओढू नका.

क्रॉनची (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी सोय) मेल रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या, पेटीत पडून राहते, ती कोणी उघडत नाही. मी सगळं ठीक असलं तरी रोज सकाळी एक मेल माझ्या पत्त्यावर मागवतो. मेल आली नाही, तर चहाआधी लॉगइन.