वैशाखात सावली देणारे झाड: निवड, लागवड आणि पहिले तीन उन्हाळे

विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि सोलापूरच्या कोरड्या पट्ट्यात सावलीसाठी झाड लावायचे असेल, तर रोपवाटिकेत जाण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी: एप्रिलअखेरीपासून पाऊस येईपर्यंत त्या झाडावर भरगच्च पाने असतात का? झाड देशी आहे एवढ्यावर भागत नाही. बहावा अस्सल देशी आहे आणि फुलला की डोळ्यांचे पारणे फेडतो, परंतु ऐन उन्हाळ्यात तो बहुतेक पर्णहीन असतो. पळस आणि काटेसावर यांचीही उन्हाळ्याच्या तोंडाशी तीच गत. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, आणि तोही पाने गाळूनच फुलतो. ही झाडे शोभेसाठी जरूर लावावीत. दुपारी खाली खाट टाकता यावी अशी अपेक्षा मात्र त्यांच्याकडून ठेवू नये.

या कसोटीला उतरणाऱ्या झाडांत पहिला मान करंजाचा. फाल्गुनाच्या सुमारास जुनी पाने गाळून तो चैत्रात पोपटी, तकतकीत पालवीने भरून जातो, त्याची सावली दाट पडते आणि मुरमाड जमिनीत, किंवा थोड्याफार खारवट जमिनीतही, तो तग धरतो. कडुनिंबाची पानगळ आणि पालवी याच सुमारास होते. त्याची सावली करंजापेक्षा विरळ असली, तरी एकदा मूळ खोल गेले की पाण्यावाचून दिवस काढण्यात त्याचा हात धरणारे झाड विरळा. जांभूळ जवळजवळ बारमाही हिरवे असते, पण त्याला ओल हवी आणि फळांच्या दिवसांत खालची फरशी जांभळी होते. बकुळ सदाहरित, आटोपशीर आणि अरुंद जागेत शोभणारी आहे. मात्र ज्याला घाई आहे त्याने तिच्या वाटेला जाऊ नये. वड, पिंपळ आणि उंबर ही गावठाणाची, शाळेच्या पटांगणाची किंवा बांधाची झाडे असून घर, विहीर आणि पाण्याची टाकी यांच्यापासून ती किमान 15 मीटर दूर असावीत. चिंच काटेकोर अर्थाने आफ्रिकेची. पण इतक्या पिढ्या आपल्या पारापाशी उभ्या असलेल्या झाडाला परके म्हणण्याचा हट्ट मी तरी धरणार नाही.

जागा ठरवताना सावली कोठे पडेल याचा आधी विचार करावा. मेच्या मध्यावर पुण्या-मुंबईत आणि महिनाअखेरीस नागपुरात भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, त्यामुळे त्या दिवसांत घराच्या दक्षिणेला लावलेले झाड भिंतीला फारसे उपयोगी पडत नाही. घर तापते ते दुपारी तीननंतरच्या उन्हाने, आणि मे महिन्यात ते ऊन पश्चिमेकडून, किंचित वायव्येकडे झुकून येते. म्हणून मोठे झाड पश्चिमेच्या अंगाला, करंज किंवा कडुनिंब असल्यास भिंतीपासून पाच मीटरवर आणि बकुळ असल्यास तीन मीटरवर लावावे. वरून विजेच्या तारा जात असतील, तर तेथे उंच वाढणारे झाड लावूच नये.

खड्डा एप्रिल-मे महिन्यांत खणून उन्हात तापू द्यावा. चांगल्या मातीत दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरतो. मुरूम किंवा खडक लागल्यास तो तीन फुटांचा करून त्यात तळ्यातील गाळ आणावा. निघालेल्या मातीत दोन घमेली कुजलेले शेणखत आणि वाळवीसाठी अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळून खड्डा भरावा. शेणखत कच्चे असेल तर वाळवी आणि हुमणी यांना आमंत्रणच मिळते. काळ्या जमिनीत पाणी साचते, म्हणून तेथे रोप भोवतालच्या पातळीपेक्षा दोन-तीन इंच उंचावर बसवावे.

लागवडीसाठी मृगाच्या पहिल्या सरीला भुलू नये. आर्द्रात दोन-तीन दमदार पाऊस होऊन जमिनीत हातभर ओल गेली, की रोप लावावे. रोप निवडताना उंचीपेक्षा बुंध्याची जाडी पाहावी, आणि पिशवी फाडल्यावर मुळांचा गड्डा हातात घेऊन नीट न्याहाळावा. वर्षभर एकाच पिशवीत राहिलेल्या रोपाची मुळे तळाशी गोल वेटोळे घालून बसलेली असतात. ती तशीच पुरली तर जमिनीतही गोलच फिरतात आणि पुढे झाड वादळात मुळासकट कलते. धारदार चाकूने तळाचे वेटोळे कापून टाकावे, गड्ड्याच्या कडेला दोन-तीन उभ्या चिरा द्याव्यात आणि मगच रोप बसवावे. खोड पिशवीत जितके मातीत होते तितकेच आताही मातीत राहील, हे पाहावे. आधाराची काठी गड्ड्याच्या बाहेर रोवून जुन्या सुती कापडाने सैल बांधावी. गुरे-शेळ्यांपासून राखण्यासाठी बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण लोखंडी जाळीइतकेच काम देते आणि पैसेही वाचवते.

झाड जगणार की जाणार, याचा निकाल पुढच्या तीन उन्हाळ्यांत लागतो. रोज तांब्याभर पाणी घालण्याची सवय घातक आहे, कारण ओल वरच्या वीतभर मातीत राहते, मुळेही तेथेच पसरतात आणि चार दिवस गावाला गेलात की झाड मान टाकते. पहिल्या वर्षी पाऊस संपल्यापासून दर पाच दिवसांनी एकदा 15 ते 20 लिटर पाणी सावकाश मुरू द्यावे. दुसऱ्या वर्षी मात्रा दुप्पट करून दहा दिवसांनी, तिसऱ्या वर्षी पंधरा-वीस दिवसांनी द्यावे. हलक्या मुरमाड जमिनीत हे अंतर थोडे कमी ठेवावे. पाण्याची टंचाई असेल, तर तळाला बारीक भोक पाडून कापडाची वात घातलेले मडके रोपापासून फूटभर अंतरावर पुरावे आणि त्याचे तोंड झाकावे. आळे खोडाला खेटून न ठेवता दरवर्षी फांद्यांच्या घेराबरोबर बाहेर सरकवावे, आणि त्यात चार बोटे जाडीचा पालापाचोळा पसरावा. तो बुंध्याला मात्र टेकू देऊ नये. अंगणातला पाला जाळून झाडाला खत विकत आणण्याचा प्रकार शहरात सर्रास दिसतो. तो पाला आळ्यात टाकला की दोन्ही कामे होतात.

करंजाच्या पानांवर बारीक पुटकुळ्यांसारख्या गाठी दिसतात. त्या सूक्ष्म कोळ्यांमुळे येतात, झाडाला त्यांचे फारसे काही होत नाही, त्यामुळे फवारणीच्या फंदात पडू नये.

खालच्या फांद्या पहिली दोन वर्षे राहू द्याव्यात, त्यांच्यामुळे खोड जाड होते. पुढे हिवाळ्यात, एका वेळी थोड्याच, बुंध्याजवळच्या फुगीर कड्याला धक्का न लावता कापाव्यात आणि शेंडा कधीही छाटू नये. काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक बसवायचे असतील, तर बुंध्याभोवती किमान एक मीटर जागा मोकळी सोडावी. दिल्लीच्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये हेच अंतर घालून दिले होते. आणि झाड नागरी हद्दीत असेल, तर पुढे मोठ्या फांद्या तोडायची वेळ आल्यास आधी वृक्ष अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा, कारण 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याच्या कचाट्यातून स्वतः लावलेले झाडही सुटत नाही.