जुलैत मुलांना घेऊन बेळगावला जाताय? या चुका टाळा

आमची मुलं इंग्लंडात वाढतात. तिथल्या शाळा जुलैच्या अखेरीला सुटतात आणि सप्टेंबर लागला की भरतात, म्हणजे हातात सहा आठवडे. तिकडं तिला उन्हाळी सुट्टी म्हणतात. आपल्याही डोक्यात ‘सुट्टीत आजोळी’ म्हटलं की आंबे, फणस, गच्चीवर टाकलेली अंथरुणं आणि दिवसभर हुंदडणारी भावंडं असंच चित्र उभं राहतं. ते चित्र एप्रिल-मेचं आहे. पहिली चूक इथंच होते.

कर्नाटकातल्या शाळा मेअखेरीला किंवा जूनच्या सुरुवातीला भरतात. आपण पोचतो तेव्हा भाचरं सकाळी दप्तर घेऊन निघतात, शाळेतून शिकवणीला जातात आणि दिवेलागणीला घरी येतात. वैशाखातली शिवजयंती, तिचे चित्ररथ, गावोगावच्या लक्ष्मीच्या यात्रा, लग्नसराई, सगळं तोवर उरकलेलं असतं. पहिल्या खेपेला माझी मुलगी आठ दिवस बेळगावच्या शहापूर भागातल्या आमच्या घराच्या खिडकीशी बसून पाऊस बघत होती. “आई, सगळे कुठं गेले?” हा तिचा प्रश्न मला अजून ऐकू येतो.

आता आम्ही एक पक्का नियम केलाय. शनिवारची शाळा सकाळची असते, म्हणून शनिवार दुपारपासून रविवार रात्रीपर्यंतचा वेळ फक्त भावंडांचा. त्या दीड दिवसात मुलांना कुठल्याही पाहुण्यांकडं न्यायचं नाही, मग कोणी कितीही आग्रह करो. मोठ्यांच्या भेटी सोमवार ते शुक्रवार, भाचरं शाळेत असतात तेव्हा.

“गणपतीला का येत नाही?” असं घरोघरी विचारतात. 2025 मध्ये चतुर्थी 27 ऑगस्टला आली होती, तेव्हा जमण्यासारखं होतं. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यामुळं ती 14 सप्टेंबरला आहे, तोवर तिकडची शाळा सुरू. शाळा बुडवायचा मोह होतो, पण इंग्लंडात ऑगस्ट 2024 पासून परवानगीशिवाय पाच दिवस शाळा चुकवली तर दर पालकामागे आणि दर मुलामागे 80 पौंड दंड आहे, 21 दिवसांत भरला नाही तर 160. दोन मुलं आणि आई-बाप धरले तर कमीत कमी 320 पौंड. त्यापेक्षा नागपंचमी धरा. 2026 मध्ये ती 17 ऑगस्टला आहे. आपल्या भागात पंचमी हा माहेरवाशिणींचा सण. झोका बांधला जातो, लाडू होतात, आपल्यासारख्याच आलेल्या बहिणी, आत्या, मैत्रिणी त्याच दिवशी गावात असतात. एरवी चार घरं फिरून होणाऱ्या भेटी एका झोक्यापाशी होतात.

बॅगेत काय भरता?

‘इंडिया म्हणजे गरम’ असं समजून मुलांचे बिनबाह्यांचे कपडे भरून आणणारे पुष्कळ बघितलेत. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर आहे. जुलैत दिवसभर झड लागते, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, संध्याकाळी स्वेटर लागतो. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडं, तर पाऊस विचारू नका. दोन पातळ स्वेटर, लवकर वाळतील असे कपडे आणि जास्तीचे मोजे घ्या. गमबूट मात्र तिकडून ओढून आणू नका, गणपत गल्लीत एका फेरीत सगळं मिळतं.

वजनाची चूक याहून महागात पडते. लंडनहून मुंबई किंवा बेंगळूरपर्यंतच्या तिकिटावर सहसा 23 किलोच्या बॅगा चालतात. पण सांबऱ्याचं, म्हणजे बेळगावच्या विमानतळाचं, पुढचं तिकीट वेगळं काढलं असेल, तर देशांतर्गत विमानात बहुतेक वेळा 15 किलोच मोफत. बाकीचे पैसे तिथंच काउंटरवर मोजावे लागतात, आणि रात्रभर जागलेली मुलं तेव्हा पायाशी झोपलेली असतात. पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर घ्या. ते जमत नसेल तर रेल्वेचा विचार करा. सप्टेंबर 2024 पासून पुणे-हुबळी आणि ऑगस्ट 2025 पासून बेंगळूर-बेळगाव वंदे भारत सुरू झाली आहे. पुण्याची गाडी रोज नसते, तेवढा वार बघून घ्या.

गोव्यात उतरणाऱ्यांना एकच विनंती. विमान रात्री उतरत असेल तर रात्र गोव्यातच काढा आणि चोर्ला घाट उजेडी चढा. पावसाळ्यात धुकं असं उतरतं की पुढच्या गाडीचा दिवाही दिसत नाही, आणि लांबच्या प्रवासानं आंबलेल्या मुलांना त्या वळणांवर हमखास उलटी होते. आईवडील जेवायचे थांबले असतील हे खरं, पण त्यांना फोन करून सांगा. काळजीनं जागत बसण्यापेक्षा त्यांनाही सकाळी आलेलं बरं वाटतं.

पहिले चार दिवस कोणाला देऊ नका

उन्हाळ्यात तिकडची घड्याळं आपल्या साडेचार तास मागं असतात. मुलांची तिकडची झोपायची वेळ साडेआठची असेल, तर इथं रात्रीचा एक वाजतो. मग सकाळी अकराला ती उठतात, आणि आज्जी आठपासून गरम पोहे झाकून बसलेली असते. यात दोष कोणाचाच नसतो, पण तिसऱ्या दिवशी घरात धुसफूस सुरू होते. यावरचा उपाय साधा आहे. पहिल्याच दिवसापासून सकाळी आठला उठवून मुलांना उजेडात आणा, पाऊस असला तरी ओसरीवर बसवा, आणि दुपारी अर्ध्या तासाच्या वर झोपू देऊ नका. चौथ्या-पाचव्या दिवशी गाडी रुळावर येते.

त्याच दिवसांत पोटही बिघडतं. उकळून गार केलेलं पाणी द्या, आठवडाभर बाहेरचं खाणं नको, ओआरएसची पाकिटं घरात असू द्या. कौतुकानं पहिल्याच जेवणात तूप-साखर घातलेले मांडे वाढले जातात. मांडे पळून जात नाहीत. दुसऱ्या आठवड्यात खाऊ घाला, चवही कळेल आणि पचतीलही. पावसाळ्यात डेंग्यूचे डास असतात, आणि ते दिवसा चावतात, त्यामुळं नुसत्या रात्रीच्या मच्छरदाणीवर विसंबू नका. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर लगेच डॉक्टरकडं.

भेटींची यादी: सगळ्यात मोठी चूक

इथं जरा सविस्तर लिहिते, कारण माझी दोन वर्षं यात गेली.

माझं माहेर शहापुरात, सासर खानापूर तालुक्यात जांबोटीच्या वाटेवरच्या एका खेड्यात. शिवाय नणंद निपाणीला, मामा चिकोडीला, मावशी वडगावात, नवऱ्याचे मित्र टिळकवाडीत. पहिल्या वर्षी मी वहीत बावीस घरं लिहिली आणि रोज एक-दोन अशी उरकत गेले. प्रत्येक घरी तेच. “कवा आलासा? किती दिवस हाईसा? जेवूनच जावा की ओ.” चहा, चिवडा, ओटी, पोरांच्या हातात नोटा, फोटो, आणि पुढचं घर. बावीसपैकी एकाही घरी निवांत बोलणं झालं नाही. मुलांना तर एकही चेहरा आठवत नव्हता. आणि विमानात बसल्यावर लक्षात आलं, की आईजवळ सलग दोन तास अशी मी एकदाही बसले नव्हते.

आता आम्ही मुक्काम मोजतो, घरं मोजत नाही. सासरी सलग बारा दिवस, माहेरी सलग बारा दिवस. किती दिवस कुठं हे तिकीट काढतानाच दोन्हीकडं फोनवर सांगून टाकतो. आधी हे मी तिथं गेल्यावर ठरवायची, आणि दोन दिवस इकडं वाढवले की तिकडं सासूबाईंचा चेहरा उतरायचा. आधी कळलं की त्याही त्यांची कामं तशी लावतात. रोपलावणीच्या दिवसांत घरात माणसं येतात, चूल दुप्पट पेटते; तेव्हा नातवंडं कधी येणार हे त्यांना माहीत असलं पाहिजे.

लांबच्या नातेवाइकांसाठी एक दिवस ठरवून आपल्याच घरी बोलवा. एकाच दिवशी सगळे आले तर बऱ्याच जणांची एकमेकांशीही वर्षभरानं गाठ पडते. त्यातही दोन अपवाद पाळा: जे घराबाहेर पडू शकत नाहीत अशी म्हातारी माणसं, आणि ज्या घरी वर्षभरात दुःख झालंय ते घर. तिथं स्वतः जायचं, मुलांना न घेता, हातात घड्याळ न बघता.

कोणी राहून गेलंच आणि रुसलं, तर परत गेल्यावर मेसेज टाकून भागत नाही. निघायच्या आधी फोन करा, सरळ सांगा की यंदा राहिलं, पुढच्या खेपेला पहिल्यांदा तुमच्याकडं. आणि तसं खरंच जा. मामींचा रुसवा असाच गेला.

मित्रमैत्रिणींचंही असंच. आपण रजेवर असतो, ते नोकरीवर असतात. आपली वर्गातली अर्धी मंडळी आता पुण्या-बेंगळुरात आहेत. “मी आलेय, भेटूया” एवढ्यावर कोणी जमत नाही. महिनाभर आधी तारीख द्या, आणि दहाजणींचा गोतावळा जमवण्याऐवजी ज्या दोघी-तिघींशी खरोखर बोलायचंय त्यांच्याबरोबर एक संध्याकाळ ठेवा.

“मराठीत बोल की!”

पाहुण्यांसमोर मुलाला उभं करून मराठी बोलायला लावणं ही चूक मी केलीय आणि तिचे परिणाम बघितलेत. मुलगा आठवडाभर गप्प झाला. घरी त्याला माझी मराठी ऐकायची सवय, आणि इथं गल्लीत ‘काय करालायस’, ‘जेवलासा काय’, मधेच कन्नड. तो गोंधळला, आणि लोक हसले तेव्हा मिटला.

त्याला बोलता केलं ते सासूबाईंनी, आणि त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. दळणाचा डबा त्याच्या हातात दिला. “गिरणीवाल्याला सांग, भाकरीचं हाय, बारीक दळ म्हणावं.” तो पूर्ण रस्ता ते वाक्य पुटपुटत गेला. मी मागून चालत होते. गिरणीत पट्ट्याचा आवाज एवढा मोठा, की पहिल्यांदा कोणाला ऐकूच गेलं नाही. मग तो पोटातून ओरडला, “भाकरीचं हाय!” गिरणीवाल्यानं मान हलवली, डबा घेतला आणि त्यातलं धान्य ओतलं. हसणं नाही, कौतुक नाही. गरम पिठाचा डबा पोटाशी धरून परत आला तेव्हा त्याच्या भुवयांवर पीठ बसलं होतं. दुसऱ्या दिवसापासून दूध आणायला तोच जायला लागला.

मुलांना काम द्या. कोथिंबीर निवडणं, रोपांच्या पेंढ्या बांधावरून पुढं देणं, आज्जोबांच्या गोळ्या वेळेला काढून देणं. भाषा त्या कामाबरोबर येते.

आईवडिलांच्या तपासण्या आणि कागदपत्रं

डोळे, रक्त, हृदय, सगळ्या तपासण्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. पहिल्याच आठवड्यात उरका. रिपोर्ट यायला, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला, औषध बदललं तर त्याचा परिणाम बघायला आपण तिथं असलं पाहिजे. मी एकदा शेवटच्या गुरुवारी बाबांना नेलं, शनिवारी निघाले, आणि पुढचे तीन आठवडे फोनवर रिपोर्टचे आकडे समजून घेत बसले. आणि त्यांच्या घरातलं जुनं सामान परस्पर टाकू नका, त्यांना कुठली वस्तू कुठं आहे ते अंधारातही ठाऊक असतं.

जमिनीचं काम असेल तर उतारे आणि नोटिसा कन्नडमध्ये असतात. कन्नड नीट वाचणारं विश्वासाचं माणूस बरोबर न्या आणि समजल्याशिवाय सही करू नका. परदेशात केलेलं वटमुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक करून घ्यावं लागतं. ते कपाटात पडून राहतं आणि पुढच्या वर्षी नवीन करावं लागतं.

मुलांचं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असेल तर वीस वर्षांपर्यंत दर नव्या पासपोर्टबरोबर त्याची प्रत आणि फोटो तीन महिन्यांत संकेतस्थळावर चढवायचा असतो. ब्रिटिश मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा, त्यामुळं हे विसरायला वेळ लागत नाही. जन्मगावाचं नावही तपासा. नोव्हेंबर 2014 मध्ये बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, पण आपल्या जुन्या पासपोर्टवर जुनंच असतं. अर्जात पासपोर्टवर असेल तसंच लिहा. पैशांसाठी एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, बँक खातं असेल तर 2023 पासून ब्रिटनच्या नंबरवरही यूपीआय सुरू करता येतं. ते निघायच्या आधी घरूनच करून, एक-दोन रुपये पाठवून बघा.

परत जाताना

शेवटचे दोन दिवस कोरे ठेवा. राहिलेल्या भेटी, खरेदी, शिंप्याकडचे कपडे यातलं काहीही त्या दोन दिवसांवर ढकलू नका.

आणि कुंदा बॅगेत भरू नका. ब्रिटनमध्ये भारतातून दूध आणि दुधाचे पदार्थ न्यायला मनाई आहे, आणि कुंदा म्हणजे दूध आणि साखरच. गोकाकचा करदंट न्या, तो सुकामेवा, डिंक आणि गुळाचा असतो. कुंद्याचं आम्ही असं करतो, की निघायच्या आदल्या रात्री अर्धा किलो आणून घरीच संपवतो. गेल्या वर्षी जेवणं झाल्यावर बाबांनी पुडा उघडला आणि ताटल्या न काढता मधोमध ठेवला. सहा चमचे आणले. लाईट गेली होती, बाहेर झड चालू होती. मुलगी आज्जीच्या मांडीवर रेलून कडेचा खरपूस भाग शोधत होती, आणि आई तिच्या चमच्याखाली हात धरून बसली होती.