पात्रं जिवंत वाटत नाहीत? कथा लिहिताना या चुका टाळा

माझी पहिली कथा एका दिवाळी अंकाकडून परत आली, संपादकांनी वर पेन्सिलीने एवढंच लिहिलेलं, 'हा बायोडेटा आहे.' जाम चिडलो होतो, पण परत वाचली तर खरंच, पहिल्याच पानावर नायकाची उंची, रंग, शिक्षण, स्वभाव मनमिळाऊ पण हट्टी, सगळं सांगून मोकळा झालेलो, फक्त पत्रिका जोडायची राहिली होती.

तर ही चूक नंबर एक. 'काका चिकट होते' असं लिहू नका. काकांनी पाहुण्यांपुढे बशीत मोजून चार बिस्किटं ठेवली आणि पुड्याला रबर लावून तो परत कपाटात ठेवला, एवढं पुरे. स्वतःच्या कथेतली स्वभावाची विशेषणं एकदा सगळी खोडून बघा, त्यानंतरही माणूस ओळखू येत असेल तर ठीक, नाहीतर त्याला काहीतरी करायला लावा.

दुसरी चूक म्हणजे सगळे लेखकासारखंच बोलतात, आजीपण आणि रिक्षावालापण. संवादांवरची नावं झाकून मोठ्याने वाचा, कोण बोलतंय ते कळलं नाही तर घोळ आहे. भालचंद्र नेमाड्यांच्या १९६३ च्या 'कोसला' कादंबरीतला नायक पांडुरंग सांगवीकर 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' वरून लगेच ओळखू येतो, पण म्हणून प्रत्येकाला एकेक तकियाकलाम चिकटवायचा नाही हं, त्याच्यात ते शब्द त्याच्या विचार करण्याच्या पद्धतीतूनच येतात.

आणि मराठीत आपल्याकडे एक भारी हत्यार आहे जे लोक वापरतच नाहीत, अरे-तुरे आणि अहो-जाहो. सासू दहा वर्षं सुनेला 'तू चहा घेतलास का' विचारतेय आणि एका सकाळी म्हणते 'तुम्ही घेतलात का चहा', बस, रात्री काय झालं असेल ते वाचक स्वतःच जुळवतो, 'सासूबाई दुखावल्या होत्या' हे वाक्य लागतच नाही. मित्र साहेब झाल्यावर कोण त्याला काय हाक मारतं, चारचौघांत वेगळी आणि एकटं असताना वेगळी का, यातच अर्धं पात्र उभं राहतं.

बोलीचं पण तेच. गावचा माणूस आला की 'व्हय' 'न्हाई' टाकून दिलं असं चालत नाही, वऱ्हाडातला 'मले' म्हणेल, मालवणातला 'माका'. येत नसेल ती बोली तर साधं लिहा ना.

उलट चूकही होते. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये पात्रांचे सपाट (एकाच गुणावर उभी) आणि गोल (अनेक पैलूंची, आपल्याला चकित करू शकणारी) असे दोन प्रकार सांगितले, तेव्हापासून लोकांना वाटतं सपाट म्हणजे वाईटच, तसं ते स्वतः म्हणत नव्हते. पोस्टमन एकदाच येऊन जाणार असेल तर त्याचं बालपण कशाला? चप्पल तुटलीय, पाय ओढत चालतोय, पुढे चला.

कथा मध्येच अडकली तर बहुतेक वेळा नायकाला काही हवंच नसतं. त्याला काहीतरी हवं करा, अगदी खिडकीजवळची सीट पण चालेल, आणि तिथे दुसऱ्याला बसवा.