मॅन्युअल फिशआय, अडॅप्टर आणि एक दशांश मिलिमीटर

फिशआयमध्ये, म्हणजे जवळपास १८० अंशांचं वाकडं दृश्य टिपणाऱ्या लेन्समध्ये, जवळचं-लांबचं सगळं आपोआप शार्प येतं, फोकस बघायची गरजच नाही, असा एक समज आहे. एफ/८ला, म्हणजे अपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक) लहान असताना, तो बऱ्यापैकी टिकतो. भोक मोठं असलेल्या एफ/२.८ला मात्र समोरची इमारत विरघळल्यासारखी दिसते आणि दोष लेन्सच्या माथी मारला जातो. बहुतेक वेळा चूक अडॅप्टरची, म्हणजे जुनी लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्यावर बसवणाऱ्या मधल्या कड्याची असते. तीही एवढी बारीक, की अडॅप्टर हातात धरून कळायची नाही.

झेनिटार १६ मि.मी. एफ/२.८ हे यातलं नेहमीचं उदाहरण. एम४२ आटे (४२ मि.मी.चा जुना स्क्रू माउंट), ऑटोफोकस नाही, आणि फुल-फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १८० अंश. पेलेंग ८ मि.मी. एफ/३.५ गोल चित्र देते. त्याहून लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरवर हा गोल वर-खाली कापला जातो, तर झेनिटारचा कोन कर्णावर सुमारे १०० अंशांवर येतो. म्हणजे क्रॉप बॉडीवर झेनिटार हा वाकडा वाइड अँगल समजूनच घ्यावा.

आधी बॉडी कोणती ते बघा. लेन्स जिथे टेकते तिथपासून सेन्सरपर्यंतचं अंतर एम४२ला ४५.४६ मि.मी. असतं. कॅननच्या ईएफ माउंटला (माउंट म्हणजे बॉडीवरची लेन्स बसवायची जागा) ते ४४.०० आहे, म्हणून १.४६ मि.मी. जाडीचा अडॅप्टर मध्ये बसतो आणि हिशेब जुळतो. सोनीच्या ए माउंटला ४४.५०, तिथेही जागा आहे. पेंटॅक्स के माउंटचं अंतर एम४२इतकंच, त्यामुळे योग्य अडॅप्टर माउंटच्या आत पूर्ण बुडतो. बाहेर बारीक कड असलेला स्वस्त अडॅप्टर पेंटॅक्ससाठी घेऊ नका, ती कडच इन्फिनिटी, म्हणजे लांबच्या वस्तूंवरचा फोकस, खाते.

निकॉनची गोष्ट वेगळी. एफ माउंटचं अंतर ४६.५० आहे, म्हणजे अडॅप्टरची जाडी शून्य धरली तरी लेन्स १.०४ मि.मी. पुढेच राहते. ५० मि.मी. लेन्सवर एवढ्या फरकाने निदान दोन-अडीच मीटरपर्यंत फोकस होतो. १६ मि.मी.वर तो २५ सेंटिमीटरच्या पुढे जात नाही, ८ मि.मी.वर ६ सेंटिमीटरवरच अडतो. काच असलेल्या अडॅप्टरने इन्फिनिटी परत मिळते, पण कडा मऊ पडतात आणि कोनही थोडा घटतो. ज्या कोनासाठी फिशआय घेतली तोच घालवण्यात अर्थ नाही. निकॉनवाल्यांनी निकॉन माउंटचीच झेनिटार शोधावी, अडॅप्टरच्या फंदात पडू नये.

या आकड्यांमागचा नियम सोपा आहे. फोकल लेंग्थचा (लेन्सच्या नावातला मि.मी.चा आकडा) वर्ग करा आणि त्याला मिलिमीटरमधल्या चुकीने भागा. लेन्स इन्फिनिटीवर असताना प्रत्यक्षात ती किती अंतरावर फोकस करते ते मिळतं. १६चा वर्ग २५६. अडॅप्टर फक्त ०.१ मि.मी. जाड निघाला, म्हणजे साध्या झेरॉक्सच्या कागदाएवढा, तर फोकस अडीच मीटरवर अडकतो. तोच अडॅप्टर ५० मि.मी. लेन्सवर २५ मीटरपर्यंत चालतो, त्यामुळे दुकानदार 'एकदम ओके आहे' म्हणतो तेव्हा खोटं बोलत नसतो. त्याने तो फिशआयवर लावून बघितलेला नसतो, इतकंच.

म्हणून अडॅप्टर मुंबईत बोरा बाजारातून नवा घ्या की चोर बाजारातून जुना, लेन्स आणि बॉडी बरोबर न्या आणि तिथेच तपासा. कॅमेरा काउंटरवर टेकवा, लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर थेट चित्र) सुरू करा, अपर्चर पूर्ण उघडं ठेवा आणि चित्र १० पट मोठं करा. फार लांबची वस्तू शोधायची गरज नाही. १६ मि.मी.साठी १०० मीटरवरची दुकानाची पाटी इन्फिनिटीच समजा. मुंबईच्या दमट, धुरकट हवेत त्यापलीकडे बघून फसगतच होते. रात्री रस्त्यावरचा दिवा सगळ्यात उत्तम, कारण ठिपका ठिपक्यासारखा दिसतो की नाही ते लगेच कळतं.

आता फोकस रिंग सावकाश इन्फिनिटीकडे फिरवा. शेवटच्या थांब्याच्या थोडं आधीच चित्र सर्वात शार्प होऊन पुढे बिघडलं, तर अडॅप्टर पातळ आहे. हे चालतं. रिंगवरचे आकडे तेवढे खोटे ठरतात, म्हणून खऱ्या इन्फिनिटीच्या जागी पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. थांब्यापर्यंत चित्र सुधारतच राहिलं आणि तरी मऊच उरलं, तर अडॅप्टर जाड आहे. किती जाड, तेही घरी टेपने काढता येतं. रिंग इन्फिनिटीवर ठेवून छापील कागद मागे-पुढे करा आणि तो नेमका कुठे शार्प दिसतो ते मोजा. ५ मीटरवर दिसला तर चूक ०.०५ मि.मी., अडीच मीटरवर ०.१, सव्वा मीटरवर ०.२.

घासायला बसण्याआधी मागचा फिल्टर बघा. झेनिटारच्या पाठीला आट्यांचा छोटा फिल्टर असतो आणि तो लेन्सच्या रचनेचाच भाग आहे. जुन्या मालात तो हमखास हरवलेला असतो. सपाट काच फोकस तिच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश मागे ढकलते. १ मि.मी.ची काच नसेल तर ०.३३ मि.मी.ची चूक झाली आणि इन्फिनिटी गेली. रंगीत फिल्टर नको असेल तर साधा पारदर्शक लावा, पण जागा रिकामी ठेवू नका.

फिल्टर जागेवर असूनही अडॅप्टर जाडच ठरला, तर बदलून घेणं सर्वात स्वस्त. तेही जमत नसेल तर लेन्सच्या फोकस रिंगवरचे बारीक, डोकं नसलेले ग्रब स्क्रू बघा. बऱ्याच जुन्या सोव्हिएत लेन्समध्ये असे तीन असतात. घड्याळजीच्या स्क्रू ड्रायव्हरने ते ढिले केले की रिंग मोकळी होते आणि थांबा थोडा पुढे सरकवता येतो. अडॅप्टर घासणं हा शेवटचा उपाय. जाड काचेवर झिरो नंबरचा पॉलिश पेपर पाण्याने ओला करून ठेवा, अडॅप्टरचा लेन्सकडचा चेहरा त्यावर आठच्या आकड्यात फिरवा आणि दर मिनिटाला चार जागी मायक्रोमीटरने मोजा. एक बाजू जास्त घासली तर चित्राची एक कड कायमची मऊ राहते. शेवटी साबणाने धुवा, कारण धातूची भुकटी सेन्सरवर गेली तर दुरुस्तीचा खर्च अडॅप्टरच्या कित्येक पट होतो.

लेन्स अडॅप्टरमध्ये सरळ, हलक्या हाताने फिरवत घाला. एम४२चे आटे १ मि.मी.चे असतात. टी२ या दुसऱ्या माउंटचेही ४२ मि.मी.चेच दिसतात, पण ०.७५चे. एक-दोन फेऱ्यांत अडकलं की जोर लावू नका, चुकीची जोडी आहे. लेन्सच्या मागे अपर्चरची पिन असेल आणि ऑटो-मॅन्युअलचं बटण नसेल, तर पिन दाबणारी आतली कड असलेला अडॅप्टर लागतो. नाहीतर रिंग एफ/१६वर नेली तरी अपर्चरची पाती उघडीच राहतात. फुल-फ्रेम बॉडीवर पहिला फोटो काढण्याआधी रिंग इन्फिनिटीवर न्या आणि मागची काच आरशाच्या वाटेत तर येत नाही ना, ते नीट बघा.

कॅननवर अपर्चर ०० दिसतं, त्याने घाबरू नका. एव्ही (शटरचा वेग कॅमेरा ठरवतो) किंवा एम (सगळं हाताने) मोड चालतो. शटर दाबलं जात नसेल तर मेन्यूत लेन्सशिवाय शटर चालू ठेवण्याची सोय शोधा. पेंटॅक्सवर मेन्यूत अपर्चर रिंग वापरायला परवानगी द्या आणि हात हलल्याचा परिणाम कमी करणाऱ्या स्थिरीकरणासाठी १६ हा आकडा भरा. चिप असलेल्या अडॅप्टरचा फोकस जुळल्याचं सांगणारा 'पीक' आवाज फिशआयवर फारसा भरवशाचा नाही. चिप तिरकी चिकटवलेली असेल तर बॉडी एररही देते.

एकदा इन्फिनिटी जुळली की रस्त्यावर फोकसला हात लावायचं कारण उरत नाही. एफ/८, रिंग १ मीटरच्या जरा पुढे, की फुल-फ्रेमवर अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं शार्प. क्रॉप सेन्सरवर रिंग दीड मीटरच्या थोडी पुढे ठेवा, शार्पपणा ८० सेंटिमीटरपासून सुरू होतो. सुरुवातीला सांगितलेला समज इथूनच आला आहे. ०.१ मि.मी.च्या चुकीने एफ/२.८ला प्रत्येक बिंदूचा अंधुक ठिपका ०.०३६ मि.मी.चा होतो, एफ/८ला तोच ०.०१२ राहतो आणि डोळ्यांत भरत नाही.

मरीन ड्राइव्हवर समुद्राची रेघ फ्रेमच्या बरोबर मध्ये ठेवली तर ती सरळ राहते. वर गेली की घुमट होतो, खाली आली की वाटी. गिरगावातल्या चाळीच्या चौकात कॅमेरा आभाळाकडे करून जमिनीवर ठेवला, तर चारही बाजूंच्या गॅलऱ्या चौकटीसारख्या येतात. टायमर लावून बाजूला व्हा, नाहीतर कडेने तुमची हनुवटी डोकावते. दहीहंडीत थरांच्या खालून काढायचं तर बोटं लेन्सच्या मागच्या अर्ध्या भागावर ठेवा आणि पट्टा मनगटाला गुंडाळा. आकाश फ्रेममध्ये भरपूर येतं, त्यामुळे माणसं काळी पडतात. एक्स्पोजर एक स्टॉप (दुप्पट प्रकाश) वाढवून घ्या.

पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्यावर पुढची फुगीर काच लगेच धुरकटते. ती पुसू नका, कॅमेरा बंद पिशवीत ठेवून पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या हवेला येऊ द्या. लाटांच्या तुषारांनी मीठ बसलं असेल तर आधी ब्लोअर, मग ओलसर कापड. पुढे फिल्टर बसत नाही, पडलेला ओरखडा कायमचा. घरी आल्यावर अडॅप्टर लेन्सवरून काढून ठेवा. दमट हवेत दोन महिने घट्ट राहिला की आटे धरतात. अडकलाच तर लेन्सच्या नळीला रबरी हातमोज्याने धरा आणि अडॅप्टरची कड सगळीकडून सारखी पकडून फिरवा. पक्कडीने एकाच बाजूने दाबलं तर रिंग लंबगोल होते आणि मग ती निघतही नाही.